नाकाची गोळी आणि ओलं सोवळं

डॉक्टरीण आणि सून या दोन गोष्टी एकाच बाईनं एकाच गल्लीत होऊ नये. झालीच, तर किस्से साठत जातात, माळ्यावर जुनी भांडी साठतात तसे. टाकवत नाहीत आणि चारचौघांत काढताही येत नाहीत! सांगलीला माहेरी गेले की मैत्रिणी म्हणतात, "काशीचं काहीतरी सांग ना!" त्यांना वाटतं मी गंगा, घाट, आरती असलं सांगणार. मी सांगते ते दवाखान्याचं. त्या पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? यातल्या बहुतेक किश्शांत मी लाजेनं खाली बघत उभी आहे.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझं सासर बनारसच्या मराठी मोहल्ल्यात. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, घनपाठी वैदिक. वेदातले शब्द सरळ, उलट, परत सरळ असे गुंफून तासन्‌तास म्हणायचे, समोर पोथी नाही की काही नाही. आजूबाजूची दहा-पंधरा घरं अशाच वैदिकांची. माझा दवाखाना आमच्याच घराच्या खालच्या खोलीत. कंपाउंडर लल्लन, तो इथलाच, पक्का बनारसी.

आणि पेशंट? सगळे माझे सासरे! कोणी चुलत, कोणी मावस, कोणी नुसतेच मानलेले. डोक्यावर पदर घ्यायचा, वाकून नमस्कार करायचा आणि मग स्टेथोस्कोप लावायचा.

*

पहिल्याच आठवड्यात विनूकाका आले. मामंजींचे चुलतभाऊ, गल्लीतला सगळ्यांत मोठा आवाज. तो आवाजच बसला होता.

"काका, जीभ दाखवा."

काकांनी ओठ घट्ट मिटले.

"काका, आ करा आणि जीभ बाहेर काढा."

काका खुर्चीत ताठ झाले. "सूनबाई, तुझ्या लग्नात मंगलाष्टकं मी म्हटली. आता तुला जीभ काढून दाखवू? हे बरं दिसतं का?"

मला इतकं ओशाळं वाटलं की मीच माफी मागितली. शेवटी तोडगा निघाला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, काकांनी लल्लनला जीभ दाखवली आणि लल्लननं मला वर्णन सांगितलं.

"डाक्टरनी जी, लाल है। अब पान का लाल है कि बीमारी का, ई त बाबा विश्वनाथ जानें!"

*

आमच्या मंडळींचा खरा आजार म्हणजे शिंका. रोज होमाचा धूर, वर पहाटेचं गंगास्नान. नाकं कायम गळायची. आणि मंत्राच्या मध्येच शिंक आली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी त्यांना सर्दीची जुनी गोळी द्यायची. तिनं शिंक थांबायची आणि माणूसही थांबायचा!

एका कलकत्त्याच्या शेठजींचं मोठं अनुष्ठान होतं. मामंजी मुख्य, शेजारी विनूकाका. काकांनी सकाळी माझी गोळी घेतलेली. तासाभरानं काकांचे डोळे मिटले, मान छातीवर आली आणि घोरणं सुरू झालं. बाकीच्यांनी ते झाकायला आवाज चढवला. तसा काकांनीही चढवला!

पाठ संपल्यावर शेठजी हात जोडून मामंजींपुढे आले. "पंडितजी, बीच में जो बड़ा गंभीर स्वर आया, वह किस देवता का था?"

मामंजी जन्मात खोटं बोलले नव्हते. खाली बघत म्हणाले, "निद्रादेवी का।"

शेठजींनी तिलाही नमस्कार केला.

घरी आल्यावर मामंजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग फक्त एवढंच म्हणाले, "सूनबाई, नाक गळलेलं चालेल. नाक कापलेलं नाही चालत."

*

अशात एक दिवस औषध कंपनीचा माणूस आला. टाय, गुळगुळीत फोल्डर, अत्तराचा वास. "मैडम, नई दवा है, टर्फेनाडिन। छींक बंद, और नींद बिल्कुल नहीं!"

मला तर देवच भेटल्यासारखं झालं. विनूकाकांना दिली, शिंका बंद आणि डोळे टक्क उघडे. मामंजींना दिली, दोन्ही वेळचे पाठ खणखणीत. आठवड्याभरात अख्ख्या मोहल्ल्यात तिचं बारसं झालं, "सूनबाईची जागती गोळी"!

मग कोणी माझ्याकडे यायचंच बंद झालं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बिनचिठ्ठीची मिळायची. पानाच्या डब्यात सुपारीशेजारी जागती गोळी असायची, आणि "घ्या हो एक" म्हणून एकमेकांपुढे डबा सरकायचा.

तक्रार फक्त एकीची आली. विनूकाकांची बायको, कमलकाकू, मागच्या दारानं हळूच आली.

"सूनबाई, यांना ती जुनीच गोळी दे बाई. निदान दुपारी दोन तास घरात शांती असायची!"

*

पुढचा किस्सा मला फार उशिरा कळला, पण त्याची जागा इथेच आहे.

आमच्याकडे सोवळं कडक. गंगेत बुडी मारायची, ओल्या धोतरानं घाट चढायचा आणि ओलेत्यानंच संध्या करायची. ओलं वस्त्र शुद्ध. वाळलेल्याला कोणाकोणाचा स्पर्श झाला, कोणी सांगावं? पावसाळ्याच्या दमट हवेत हे रोज तास-दीड तास. त्याचं फळ जांघेत मिळतं. गजकर्ण! रात्रंदिवस खाज, आणि सांगायची सोय नाही. सुनेला जीभ न दाखवणारी माणसं, जांघ कुठली दाखवतात!

गोदौलियाला त्वचेचे एक डॉक्टर होते. अनोळखी, पुरुष, आणि मराठी न कळणारे. सगळं कसं सोयीचं.

माझा नवरा श्रीधर, बँकेत. त्याचे केस गळायला लागले म्हणून तो एकदा मला न सांगता त्या डॉक्टरांकडे गेला. बाहेरच्या खोलीत शिरला आणि बघतो तर काय, बाकावर अख्खी वैदिक मंडळी! ऐन उकाड्यात प्रत्येकानं डोक्यावरून उपरणं ओढलेलं. एका उपरण्याखालून मामंजी निघाले.

बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले.

मामंजी म्हणाले, "मी दात दाखवायला आलोय."

श्रीधरनं दारावरची पाटी वाचली. चर्मरोग. म्हणाला, "मी पण."

पलीकडच्या उपरण्यातून विनूकाकांचा आवाज आला, "दाताला आज फार गर्दी आहे!"

त्या डॉक्टरांनी सगळ्यांना बुरशीवरची पोटात घ्यायची गोळी दिली. प्रत्येकाला नीट विचारलं, आणखी कुठली दवा चालू आहे का? प्रत्येकानं सांगितलं, नाही. आता सूनबाईची जागती गोळी म्हणजे काय दवा आहे का? ती तर पानाच्या डब्यातली!

श्रीधरनं घरी अवाक्षर काढलं नाही. बापाच्या जांघेची गोष्ट बायकोला कशी सांगायची?

*

नवरात्र आलं. मामंजींचे कडक उपास, दिवसभरात पेलाभर दूध. त्यातच राजा घाटाजवळ एका यजमानांच्या चौकात मंत्रजागर होता. म्हणजे वैदिक समोरासमोर ओळीनं बसतात आणि पाळीपाळीनं मंत्र म्हणतात. यजमान अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे.

मामंजींची पाळी आली. घन सुरू झाला. आवाज चढत गेला आणि एका शब्दाच्या मधोमध थांबला.

मामंजी कधी थांबत नसत. समोरचे वैदिक चमकून बघायला लागले. तेवढ्यात मामंजी हळूच डाव्या अंगाला कलले आणि पडले. डोळे वर गेलेले.

"समाधि! पंडितजी की समाधि लग गई!" यजमानांकडचं कोणीतरी ओरडलं. लगेच शंख वाजला. बायकांनी हात जोडले. मी मात्र ओळी तुडवत पुढे धावले आणि मनगट धरलं.

"शिवलीस त्यांना! सोवळ्यात आहेत ते!" कोणीतरी माझ्यावर खेकसलं.

नाडी हाताला लागत नव्हती. मग लागली, पण सैरभैर. मग परत ठिकाणावर आली. अर्धं मिनिट झालं असेल नसेल. मामंजींनी डोळे उघडले, आजूबाजूची गर्दी बघितली आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "सूनबाई, चक्कर आली म्हणून सांग. विसरलो असं म्हणू नकोस."

मरता मरता वाचलेला माणूस, आणि त्याला लाज कशाची, तर घनपाठी मधेच थांबला याची!

पण चक्कर म्हणायला कोणी जागाच ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दारात पाया पडायला रांग. दवाखान्याची रांग वेगळी, ही वेगळी, आणि दोन्हींचा गुंता. लल्लन पायरीवर उभा राहून ओरडत होता, "समाधि वाले बाएँ! बुखार वाले दाएँ!"

*

ईसीजी काढायला मामंजी तयारच होईनात. सुनेपुढे उघड्या छातीनं आडवं पडायचं? एरवी दिवसभर उघड्या अंगानं वावरणारे हे गृहस्थ, पण आडवं पडायचं म्हटल्यावर गळ्यापर्यंत शाल! शालीखाली हात घालून मी मशीनची एकेक वायर अंदाजानं चिकटवत गेले. मध्येच जानव्याला बांधलेली देवघराची किल्ली आली.

"मामंजी, किल्ली जरा बाजूला ठेवूया."

"ती अंगावेगळी होत नाही."

शेवटी जानवं न काढता किल्ली वर ओढून त्यांनी ती दातांत धरली. आणि नेमकं तेव्हाच मी विचारलं, "आणखी कुठलं औषध घेता का?" तोंडात किल्ली. त्यांनी नुसती मान हलवली. नाही!

कागद बाहेर यायला लागला तशी मी त्यावरचे चौकोन बोटानं मोजायला लागले, एकदा, परत एकदा. सोपं करून सांगते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयातल्या करंटला परत जागेवर बसावं लागतं, मगच पुढचा ठोका नीट पडतो. त्याला ठरावीक वेळ लागतो. मामंजींचा करंट जागेवर बसेपर्यंत पुढचा ठोका दारात येऊन उभा! अशा वेळी दोघांची गाठ पडली की हृदय ठोके देणं सोडून नुसतं थरथरतं. तेच तर मंत्रजागरात झालं होतं.

लल्लननं जीपवाल्याला हाक मारली आणि मामंजी, सासूबाई, श्रीधर आणि मी मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथं मशीनच्या पडद्यावर मी ते डोळ्यांनी बघितलं. सरळ चाललेली रेघ एकदम पिळवटली, दोरीला पीळ पडावा तशी. डॉक्टर धावले, नर्स धावल्या, शिरेतून औषध गेलं. रेघ परत सरळ झाली. मी खाटेचा कठडा धरून उभी होते. मी डॉक्टर आहे हे तिथं कोणाला सांगायची मला इच्छा नव्हती.

हृदयरोगाचे प्रोफेसर बंगाली होते, शांत माणूस. मी जागत्या गोळीचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली. "इसके साथ फंगस की गोली तो नहीं खा रहे?"

"नहीं सर, बिल्कुल नहीं," मी छातीठोक सांगितलं.

मागे श्रीधर उभा होता. कानापर्यंत लाल झालेला. त्यानं आधी छताकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे आणि म्हणाला, "गोदौलिया..."

मग प्रोफेसरांनी समजावलं. जागती गोळी पोटात गेली की यकृत तिचा लगेच निकाल लावतं. बुरशीची गोळी त्या यकृताचे हात बांधून टाकते. मग जागती गोळी रक्तात साठत जाते आणि हृदयाच्या करंटची वाट अडवते. त्यात उपासानं अंगातलं पोटॅशियम उतरलेलं. परदेशात याचा गवगवा सुरू झाला होता, आमच्या गल्लीपर्यंत पोचला नव्हता. दोन्ही गोळ्या बंद केल्या की माणूस बरा होतो, म्हणाले.

मला खरं तर सगळ्यांचा राग यायला हवा होता. पण लाजच वाटली, अंगभर. माझ्या घरातला माणूस खाजेनं तळमळत होता, आणि मला सांगण्यापेक्षा त्याला मरण सोपं वाटलं होतं.

*

व्हरांड्यात सगळी वैदिक मंडळी जमलेली. कोणाच्या हातात अंगारा, कोणाच्या गंगाजल. आणि प्रत्येकाच्या पानाच्या डब्यात जागती गोळी! आता इथून पुढे कोण पडणार, याचीच माझ्या मनात धाकधूक सुरू झाली. मी पदर सारखा केला आणि सगळी लाज गिळून विचारलं.

"तुमच्यापैकी आणखी कोणाला गजकर्ण आहे?"

एकेक जण जिन्याकडे सरकायला लागला.

"काका, तुम्ही?"

विनूकाका दुखावल्यासारखे म्हणाले, "सूनबाई, दिमाग ठिकाणावर आहे ना? सोवळ्यातल्या माणसाला कसलं गजकर्ण!" असं म्हणताना त्यांचा हात नकळत धोतराकडे गेला आणि वाटेतच थांबला.

मी घरोघर जाऊन सांगितलं, जागती गोळी सोडा. सगळ्यांनी "हो हो" केलं. दुसऱ्या दिवशी लल्लन औषधाच्या दुकानावरून बातमी घेऊन आला.

"डाक्टरनी जी, पंडीजी लोग दूनो गोली ले जात हउअन। खाली अब झोरा में लुका के!"

म्हणजे दोन्ही गोळ्या चालूच, फक्त आता पिशवीत लपवून! माझी झोप उडाली. दारावरून कोणी घाईनं गेलं तरी वाटायचं, पडलं वाटतं कोणीतरी.

*

मामंजी बरे होऊन घरी आले. पाया पडणारे अजून येतच होते. मामंजी त्यांना काही म्हणत नसत, नुसते भिंतीकडे बघत बसत. विनूकाकांचं काय चाललंय ते मी त्यांना जेवताना सांगितलं. ते ताटावरून अर्ध्यातच उठले.

दिवाळीनंतर आमच्याच चौकात मंत्रजागर ठरला. सगळा मोहल्ला आला. वैदिक ओळीनं बसले. मागे आम्ही बायका, अगदी दाटीवाटीनं. मी सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या शेजारी. समाधीवाल्या पंडितजींना ऐकायला परके लोकही आलेले.

पहिली पाळी मामंजींची. त्यांनी आचमन केलं. सगळे कान देऊन बसले. आणि मामंजी मंत्राच्या आवाजात नाही, साध्या आवाजात बोलायला लागले.

"माझी समाधी लागली नव्हती. मी मरत होतो."

विनूकाकांनी उपरणं डोक्यावर ओढलं.

"दोन गोळ्या एकदम घेत होतो. एक नाकाची. दुसरी गजकर्णाची. गजकर्ण जांघेत आहे." सत्तरीचा माणूस, आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती. "सूनबाईला सांगायची लाज वाटली. आता सगळ्यांपुढे सांगतोय. जे दोन्ही गोळ्या घेतात त्यांनी हात वर करा."

एकही हात नाही. सगळे आपापल्या मांडीकडे बघत बसलेले.

मामंजींनी दोन्ही ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ठीक आहे. मग मी नावं घेतो. त्या बाकावर मीपण बसलो होतो."

विनूकाकांचा हात ताडकन वर गेला! मग त्यांच्या शेजारचा. मग समोरच्या ओळीतला एक, मग दुसरा. बघता बघता दोन्ही ओळी हात वर करून बसल्या. परके लोक हा काहीतरी विधी आहे असं समजून तेही हात वर करायला लागले, त्यांना लल्लननं आवरलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. सुटलो, मला वाटलं. सगळे सापडले.

तेवढ्यात माझ्या कानाशी बांगड्या वाजल्या.

आईंचा हात वर होता. त्यांच्या मागे कमलकाकूचा. तिच्या पलीकडे आणखी दोघींचा, आणि एकीचा पदराच्या आत, अर्धवट वर.

मामंजी बघतच राहिले. "तू? तू कधी गेलीस गोदौलियाला?"

"मी कुठे जाणार?" आई म्हणाल्या. "तुमच्याच पुडक्यातल्या खाल्ल्या. नाकाच्याही, खाजेच्याही. तुम्ही ओलेत्यानं तासभर संध्या करता. आम्ही ओलेत्यानं सगळ्या घराचा स्वयंपाक करतो, चुलीच्या धुरात."

मग त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तू त्या दिवशी व्हरांड्यात सगळ्यांना विचारलंस ना, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते."